फुटबॉलच्या मैदानावर १ जूनची जन्मतारीख

आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, १ जूनला. आईबाप निरक्षर, बाळंतपण घरात झालेले, कुठे नोंद नाही. शाळेत नाव घालायला नेले की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण! मग रजिस्टरात १ जून आणि हिशेबात बसेल ते साल लिहून मोकळे होत. नोकरीत लागल्यावर निवृत्तीची तारीख याच १ जूनवरून ठरते, तेव्हा काही जण हसतात, काही हळहळतात. पण ही जन्मतारीख फुटबॉलच्या मैदानावरही आडवी येईल, असे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाटले नव्हते.

नालासोपाऱ्यातल्या आमच्या वस्तीतला एक मुलगा. वडील नाक्यावर मजुरी करतात, आई चार घरची धुणीभांडी. पोरगा डाव्या पायाने असा खेळायचा की पावसातल्या चिखलातही चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. २०२४ साली तो एका संघाच्या निवड चाचणीला गेला. सतरा वर्षांखालील गट. खेळ पाहून प्रशिक्षकांनी पसंत केले आणि कागद मागितले. अट अशी, की जन्म १ जानेवारी २००८ रोजी किंवा त्यानंतरचा असावा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून २००७. तिथेच सगळे थांबले.

त्याची आई संध्याकाळी माझ्याकडे आली. "भाऊ, ह्यो संक्रांतीनंतर झालाय, तिळगूळ खाऊन मी माहेरी गेले होते. जूनमधी कसा होईल?" बाई खरे बोलत होती. पण फुटबॉलच्या कचेरीत संक्रांत चालत नाही, शिक्का चालतो.

मुलाचा जन्म मराठवाड्यातल्या आजोळी झालेला. जन्माची नोंद जिथे जन्म झाला त्याच गावी होते, हे अनेकांना ठाऊक नसते. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, मूल तिथे जन्मते आणि दाखला मात्र आपण वसई-विरारच्या महापालिकेत शोधत बसतो. वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून गाव गाठले. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडली, १९ जानेवारी २००८. आशाताईंनी त्या वेळी इमानाने कळवले होते. पण नावाच्या रकान्यात नाव नाही, नुसते 'मुलगा'. बारशाआधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कोणी गेलेच नाही.

इथे कायद्याची गोष्ट सांगणे भाग आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा आहे. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. एक वर्ष उलटले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद आहे पण नाव नाही, अशा वेळी पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. शासनाने मध्ये मुदतवाढही दिलेली आहे. ती त्या वेळी चालू आहे का, हे कार्यालयात विचारावे. आमच्या मुलाचे वय तेव्हा सोळा. अर्ज, प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र, पुन्हा गावी चक्कर, यात महिने गेले. दाखला हातात पडला तोवर संघाच्या नोंदणीची मुदत संपली होती आणि पुढच्या हंगामात तो त्या गटासाठी मोठा झाला होता. कोणाशी भांडावे? खोटे कोणीच बोलले नव्हते.

कागदावर इतका कटाक्ष कशासाठी, असे त्याचे वडील विचारत होते. प्रश्न रास्त आहे. वयाचे गट असलेल्या खेळात वीस वर्षांच्या गड्याला सोळाचा म्हणून उतरवण्याचे प्रकार देशभर वर्षानुवर्षे झाले. त्यात खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचा घात होतो. म्हणून केंद्र सरकारने २०१० साली वयचोरीविरुद्ध संहिता आणली. कागदाशिवाय हाडांचीही तपासणी होते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून वाढीच्या खुणा पाहतात. जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळ हाडाचे टोक वाढत असते. सतराच्या आसपास ते जुळून येते. पूर्ण जुळलेले दिसले तर मुलगा बहुधा सतराच्या पुढचा, असा तर्क. हा अंदाज असतो, पंचांगातली तिथी नव्हे. तेव्हा गुरुजींनी वय जास्त लिहिले असेल तर मुलाची संधी जाते, आणि कमी लिहिले असेल तर एक्स-रेत उघडे पडून कोवळ्या पोरावर चोरीचा शिक्का बसतो. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

या वयोगटाला एवढे महत्त्व का, ते २०१७ साली आपण घराजवळ पाहिले. फिफाची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात भारतात झाली. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला. भारताचा संघ दिल्लीत खेळला आणि तिन्ही सामने हरला. पण ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंग या मणिपुरी मुलाने हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. त्या एकवीस जणांत आठ मुले एकट्या मणिपूरची. कर्णधार अमरजित सिंगची आई इम्फाळच्या बाजारात मासळी विकणारी. सिक्कीमच्या कोमल थाटलचे आईवडील शिंपीकाम करणारे. आणि महाराष्ट्रातून अनिकेत जाधव, कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा. क्रीडा खात्याच्या, पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून तो घडला. पुढे जमशेदपूरसारख्या इंडियन सुपर लीगमधल्या संघांकडून खेळला. कोल्हापूरला पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला गर्दी लोटते, हा भाग वेगळा. आपल्याकडे वसईच्या पश्चिमेच्या ख्रिस्ती गावांत हा खेळ जुना आहे. नालासोपारा-विरारच्या दाटीत मात्र मोकळे मैदान शोधत फिरावे लागते. तरी पोरे खेळतातच.

विश्वचषक संपला तेव्हा या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न होता. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना इंडियन ॲरोज या संघात एकत्र ठेवून मोठ्यांच्या आय-लीगमध्ये खेळवले गेले. २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तो संघ बंद केला आणि भर तरुणांच्या देशव्यापी लीगवर द्यायचे ठरवले. एकच संघ जोपासण्यापेक्षा अनेक अकादम्यांतल्या शेकडो मुलांना दरवर्षी भरपूर सामने मिळावेत, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. आधी जवळपासच्या संघांचे गट पाडून साखळी सामने, मग वर आलेल्यांची अंतिम फेरी, अशी साधारण रचना असते. यात वैयक्तिक मुलगा जाऊन नाव देऊ शकत नाही. क्लब किंवा अकादमीतूनच जावे लागते. महासंघ अकादम्यांना मान्यता आणि तारे देतो. म्हणून फी भरण्याआधी पालकांनी एवढे जरूर विचारावे: मान्यता आहे का, कितव्या वयोगटात संघ उतरतो, आणि माझ्या मुलाची महासंघाच्या संगणकावर नोंदणी होणार का? गुळगुळीत छापलेला टी-शर्ट म्हणजे अकादमी नव्हे.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी शाळेची वाट आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे, त्यात सतरा वर्षांखालील मुलांचा आणि मुलींचाही गट आहे. खालच्या पातळीपासून जिंकत विभाग, राज्य आणि मग देशपातळी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत आपली मुले ठाणे जिल्ह्यात मोजली जात. शाळेने संघच पाठवला नाही तर सारेच खुंटते, तेव्हा पालकांनी जून महिन्यातच मुख्याध्यापकांना भेटावे. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांचीही चौकशी करावी. 

नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' अनेकांनी पाहिला असेल. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल उभे केले, त्यावरून तो सुचला. लोकांना त्यातला खेळ आठवतो, जयंतीची मिरवणूक आठवते. मला आठवतात ते रिंकू राजगुरूच्या वडिलांचे हेलपाटे. पोरीच्या पासपोर्टसाठी ते बिचारे आपण कोण आहोत याचा कागद शोधत हिंडतात. कारकुनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या प्रसंगात हसू येत नाही.

आता कायदा बदलला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे यापुढे हात कानाला लावायचा प्रश्न राहणार नाही. पण आज सात-आठ ते पंधरा वर्षांची जी मुले आहेत, त्यांच्या घरी पेटी उघडून बघा. दाखल्यावर नाव आहे का? आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर स्पेलिंग एकच आहे का? शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त होते, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. शाळा सुटल्यावर ते दार जवळजवळ बंद होते. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे काम उरकावे.

आमचा तो मुलगा यंदा बारावीनंतर कॉलेजात गेला. रविवारी स्थानिक स्पर्धांत खेळतो, डावा पाय अजून तसाच आहे. त्याची धाकटी बहीण बारा वर्षांची. भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालते आणि मुलांच्यात खेळते. तिचा जन्मही आजोळचाच. गेल्या मे महिन्यात तिची आई स्वतः गावी जाऊन आली, रजिस्टरात नाव घालून घेतले, आणि उतरल्या उतरल्या आधी घरी न जाता दाखला मला दाखवायला आली. स्पेलिंग दोनदा तपासून घेतले. बरोबर होते.