ताप आल्यापासून ४८ तास : फ्लूचे औषध वेळेत कसे मिळवावे?

इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, या आजारावर ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध दिले जाते. पहिले लक्षण दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झाले, तर त्याचा गुण चांगला येतो. ही मुदत डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिल्यापासून मोजायची नसते, ताप आल्यापासून मोजायची असते. ‘बघू दोन दिवस’ म्हणत ताप अंगावर काढला, की औषध शोधायला निघण्याआधीच मुदत संपत आलेली असते.

या घाईचे कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गातील पेशींत शिरून आपल्या असंख्य प्रती तयार करतो. बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाचे रेणू धरून ठेवतात. ही पकड तोडण्यासाठी विषाणूजवळ न्यूरामिनिडेज नावाचे विकर असते. ओसेल्टामिविर पोटात गेल्यावर यकृतात त्याचे सक्रिय रूप तयार होते आणि ते या विकराला निकामी करते. नवे विषाणू पेशीलाच चिकटून राहतात आणि संसर्गाचा फैलाव मंदावतो. विषाणूंची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळसाला पोहोचते. त्यानंतर फैलाव रोखून फारसे काही साधत नाही. वेळेत घेतल्यास आजार साधारण एका दिवसाने कमी होतो. प्रकृती गंभीर असलेल्या, रुग्णालयात दाखल रुग्णांना मात्र ४८ तास उलटून गेले तरी हे औषध दिले जाते.

फ्लूच्या प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. सौम्य ताप-खोकला विश्रांतीने बरा होतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांच्याबाबतीत मात्र लक्षणे सौम्य असली तरी डॉक्टर हे औषध सुरू करतात. त्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नसते. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, नखे निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले, तर औषधाच्या दुकानाऐवजी थेट रुग्णालय गाठावे.

महाराष्ट्राला या औषधाची ओळख २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. बेसुमार वापराने विषाणू औषधाला दाद देईनासा होईल, या भीतीने सुरुवातीला ते सरकारी यंत्रणेतूनच दिले जाई. पुढे ‘शेड्यूल एक्स’चा परवाना असलेल्या दुकानांना विक्रीची मुभा मिळाली, पण अशी दुकाने मोजकीच होती. २०१७ मध्ये ते ‘शेड्यूल एच-१’मध्ये आले. आता ते साध्या मेडिकलमध्येही मिळू शकते. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच, आणि दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद वहीत करावी लागते.

परवानगी असली, तरी माल असेलच असे नाही. फ्लूची लाट प्रामुख्याने पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चदरम्यान येते. एरवी मागणी नसल्याने लहान दुकानदार साठा ठेवत नाहीत, आणि लाट आली की असलेला साठा लगेच संपतो. म्हणून दुकानोदुकानी हिंडण्याऐवजी आधी फोन करावा. मोठ्या रुग्णालयांच्या आवारातील, रात्रंदिवस उघडी असणारी मेडिकल प्रथम पाहावीत. दुकानात नसल्यास घाऊक विक्रेत्याकडून ते कधी येईल, हे दुकानदाराला विचारावे. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतही चौकशी करावी.

विचारताना कंपनीच्या नावावर अडून बसू नये. ‘ओसेल्टामिविर ७५’ आहे का, असे विचारावे. चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असेल, तर दुकानदाराला परस्पर दुसऱ्या कंपनीचे औषध देता येत नाही. डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घेतले, तर ही अडचण टळते.

प्रौढांना ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस घ्यावी लागते, म्हणजे एकूण दहा कॅप्सूल. ३० आणि ४५ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही येतात. ७५ची नसेल, तर डॉक्टरांना विचारून या दोन्ही मिळून तोच डोस पुरा करता येतो. मुलांचा डोस वजनानुसार ठरतो. सिरप मिळाले नाही, तर कॅप्सूल उघडून तिच्यातील भुकटी गोड द्रवात कशी मिसळायची, हे डॉक्टर किंवा औषधनिर्माता सांगू शकतो. सिरपची तीव्रता वेगवेगळी असू शकते. त्यामुळे किती मिलिलिटर द्यायचे, हे बाटलीवरील तीव्रता दाखवूनच विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डोस कमी करावा लागतो.

मळमळ व उलटी हे या औषधाचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. जेवणानंतर घेतल्यास ते कमी होतात. बरे वाटू लागले तरी पाच दिवसांचा कोर्स पुरा करावा. भीतीपोटी घरात साठा करू नये, कारण साथीच्या दिवसांत एका घरात पडून राहिलेली पट्टी दुसऱ्या घरातल्या गरोदर स्त्रीला किंवा दमेकऱ्याला वेळेवर मिळत नाही.