नफा आणि खरी कमाई

एखाद्या कंपनीनें १ कोटीच्या भांडवलावर ८ लाख नफा दाखविला. परंतु तितक्याच जोखमीच्या अन्य धंद्यांत भागधारकांना १० लाख मिळाले असते, तर ही भरभराट कीं २ लाखांची तूट? भांडवलाचें मोल वजा जातां उरेल तीच खरी कमाई, हें तत्त्व आल्फ्रेड मार्शल यांनीं १८९० सालींच मांडलें. अमेरिकेंत जेम्स वॉलेस यांनीं १९९७ सालीं या मापावर अधिकाऱ्यांचें बक्षीस ठरविणाऱ्या ४० कंपन्या तपासल्या. त्या कंपन्यांनीं मालमत्तेची विक्री वाढविली होती, नवी गुंतवणूक आखडली होती. मात्र शेअरांच्या परताव्याशीं साध्या नफ्याचाच संबंध अधिक निकट, असें त्याच वर्षींच्या दुसऱ्या अभ्यासांत आढळलें. वांचलेला पैसा काटकसरीचा, कीं बियाणेंच खाल्लेलें, हें कोणतेंही माप सांगत नाहीं. तो विवेक चालकांनींच राखावयाचा.