२५७ मतांचा धडा : मतदानाचा टक्का नेमका कशानं वाढतो?

करमाळा : २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल आपल्या तालुक्यात अजून कुणी विसरलेलं नाही. नारायण पाटील यांनी रश्मी बागल यांच्यावर अवघ्या २५७ मतांनी विजय मिळवला. तिसऱ्या क्रमांकावरचे संजयमामा शिंदेही फार मागं नव्हते. २५७ मतं म्हणजे साठ-सत्तर उंबऱ्यांची एक वस्ती. मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांवर वाटली, तर केंद्रामागं जेमतेम एखादं मत.

तरीही प्रत्येक निवडणुकीत पारावर एक वाक्य ऐकू येतंच, "माझ्या एका मतानं काय होणार हाय?" हा प्रश्न काही फक्त आपल्या गावचा नाही. जगभरातले राज्यशास्त्राचे अभ्यासक गेली साठ-सत्तर वर्षं त्याच्याच मागं लागलेत.

हिशोब जुळत नाही, तरी माणसं मत देतात

१९५७ मध्ये अँथनी डाउन्स या अमेरिकन अभ्यासकानं सरळ हिशोब मांडला. मत द्यायला जायचं म्हणजे वेळ जातो, रोजगार बुडतो. आणि आपल्या एकट्याच्या मतानं निकाल फिरायची शक्यता फारच थोडी. मग शहाण्या माणसानं घरीच बसायला पाहिजे. पण तसं होत नाही, कोट्यवधी लोक रांगेत उभे राहतात. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशूक या दोघांनी त्यावर उत्तर दिलं : माणूस फक्त फायदा-तोटा बघत नाही, मत देणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटतं आणि त्यातून समाधान मिळतं.

आपल्या देशात मुकुलिका बॅनर्जी यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी वेगवेगळ्या राज्यांत सहकाऱ्यांना गावोगावी राहायला पाठवून हाच प्रश्न विचारला. लोकांच्या बोलण्यात बरोबरीची भावना पुन्हा पुन्हा आली. रांगेत बागायतदार आणि त्याचा गडी एकामागं एक उभे राहतात आणि दोघांच्या मताची किंमत सारखीच. वर्षातून असे दिवस किती येतात?

गाव पुढं, शहर मागं

अमेरिकेत शिकलेला, पैसेवाला माणूस जास्त मतदान करतो. आपल्याकडं उलटं आहे. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा 'लोकनीती' हा गट अनेक वर्षं निवडणुकांनंतर मतदारांच्या घरी जाऊन पाहणी करतो. पुण्याचे सुहास पळशीकर त्यातलं मोठं नाव. या पाहण्यांच्या आधारे योगेंद्र यादव यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं, की भारतात गरीब, दलित आणि खेड्यातला माणूस मतदानात मागं नाही, उलट पुढं आहे. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या पुढं मतदान झालं, तर मुंबईतल्या कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या आत.

बायकांची गोष्ट तर याहून मोठी. पहिल्या निवडणुकीच्या यादीत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. अशी सुमारे २८ लाख नावं, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली, वगळावी लागली. १९६२ मध्ये पुरुषांपेक्षा बायकांचं मतदान १६ टक्क्यांहून जास्त मागं होतं. २०१९ च्या लोकसभेला देशात बायकांचा टक्का पहिल्यांदा पुरुषांच्या पुढं गेला आणि २०२४ लाही तो पुढंच राहिला.

मग टक्का कमी का दिसतो?

इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्या. टक्का काढताना झालेल्या मतांना यादीतल्या नावांनी भागतात. यादीत मयत माणूस असेल, लग्न होऊन सासरी गेलेली लेक असेल, पुण्यात कायमचा स्थायिक झालेला पोरगा असेल, तर ती सगळी नावं 'मत न दिलेले' म्हणूनच मोजली जातात. म्हणजे टक्का कमी दिसला म्हणून गाव आळशी, असं लगेच म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. म्हणजे ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर. कोयता घेऊन परजिल्ह्यात गेलेलं जोडपं एका मतासाठी दोन दिवसांची मजुरी सोडून कसं परत येणार? त्यांना मतदानाची जाण नाही असं नाही, त्यांचं मत एका ठिकाणी आणि पोट दुसऱ्या ठिकाणी आहे. पुण्यातल्या कंपनीत कामाला असलेल्या पोराचंही तेच. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, पण तो मागायला आधी माहीत असावा लागतो.

बॅनरपेक्षा उंबरा भारी

टक्का वाढवायचा कसा, हे तपासायला ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात प्रयोग केला. काही मतदारांच्या घरी माणसं पाठवली, काहींना पत्रं पाठवली, काहींना फोन केले. घरी जाऊन समोरासमोर बोलल्याचा चांगला परिणाम झाला. पत्रांचा थोडासाच, आणि भाड्यानं लावलेल्या फोनवाल्यांचा जवळजवळ नाहीच.

आपल्याला हे नवीन नाही. ग्रामपंचायतीला म्हातारी आजीसुद्धा गाडीवर बसून केंद्रावर येते, कारण उमेदवार भावकीतला असतो आणि चार जण येऊन "आज्जे, चल की" म्हणतात. लोकसभेला तिला कुणी विचारतच नाही. फरक आजीत नाही, विचारण्यात आहे.

आता आपण काय करायचं?

– निवडणूक लागायची वाट बघू नका. १९५० या नंबरवर आजच आपलं नाव तपासा. ग्रामपंचायत, झेडपीलाही विधानसभेचीच यादी वापरली जाते.
– नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८, नाव वगळण्यासाठी नमुना ७. गावातल्या बीएलओंकडं हे काम होतं.
– पोरगा-पोरगी १८ वर्षांची झाली? आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. वर्षभर थांबायची गरज नाही.
– कायम पुण्यात राहत असाल तर नाव तिकडं न्या. दोन्हीकडं नाव ठेवणं गुन्हा आहे.
– मतदानाच्या दिवशी शेजारच्या एका घराला फक्त "चला" म्हणा. कुणाला द्यायचं ते विचारू नका, ते ज्याचं त्याच्यापाशी.

२५७ चा आकडा एकदा घडलाय. पुढच्या वेळी तो आपल्याच वाडीवर येऊन थांबला, तर आपलं नाव यादीत असायला पाहिजे.