तेराव्या वर्षीची खाकी

एका शनिवारी सकाळी, खैरानी रोडवरील गाळ्यांची शटरे वर जाण्यापूर्वी आणि अंधेरी-कुर्ला रस्ता वाहनांनी तुंबण्यापूर्वी, साकीनाका मेट्रो स्थानकाच्या जिन्यापाशी मला राष्ट्रीय छात्रसेनेच्या खाकीतील चार-पाच मुले दिसली. रात्रभर गादीखाली दाबून आणलेली पँटची घडी, ब्रासोने घासून लखलखीत केलेले पट्ट्याचे पितळी बक्कल, आणि टोपीवरचा लाल तुरा जागचा हलला तर नाही ना, हे चाचपण्यासाठी पुन्हा पुन्हा वर जाणारा हात. दहा बाय बाराच्या खोलीत, भावंडांच्या अंथरुणांमधून वाट काढीत हा गणवेश सिद्ध होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या घडीची किंमत निराळी सांगावी लागत नाही. त्यांपैकी एकाला सोडायला आलेले त्याचे वडील लेथवर काम करणारे. त्यांनी मला विचारले, "सर, ह्यानं मिलिट्रीत नंबर लागंल का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ चा कायदा झाला आणि छात्रसेना उभी राहिली. पण केवळ तिचा सभासद आहे एवढ्यावरून कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येणार नाही, अशी स्पष्ट तजवीज त्याच कायद्यात आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत तिची सक्ती झाली व १९६८ मध्ये ती उठली, हे योग्यच झाले. कारण कवायत अंगात मुरायची तर ती स्वेच्छेनेच मुरते.

आता नंबराविषयी. शाळेत दोन वर्षांनी मिळणारे 'ए' प्रमाणपत्र एकट्याने फार दूर नेत नाही. महाविद्यालयात 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवून, पुरेशा गुणांनी पदवीधर झालेल्या छात्राला मात्र लष्कराच्या खास योजनेतून लेखी परीक्षेविना थेट सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची संधी मिळते, आणि तेथे तो उतरला तर पुढे चेन्नईचे प्रशिक्षण असते. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षापासून भरती होता येते, पण ती चार वर्षांची. त्यानंतर कायम होतात ते जास्तीत जास्त चौघांपैकी एक. हा हिशेब तेराव्या वर्षीच्या मुलापासून लपवून त्याला नुसता बिगुल ऐकविणे मला अनुचित वाटते. सैन्यात जाण्याचा निर्णय जाणत्या वयाचा आहे. शाळेने तोवर त्याला त्या निर्णयाच्या योग्यतेचे करावे.

महाराष्ट्राने ह्यासाठी संस्था काढल्या नाहीत असे नाही. डॉ. मुंजे यांची नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यास निघाली. आणि खडकवासल्याची प्रबोधिनी मराठी मुलखात असूनही तिच्यात मराठी मुले थोडी, ह्या खंतीतून १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेस सेवापूर्व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. परंतु ह्या साऱ्या घरापासून दूर, निवासी, प्रवेशपरीक्षेच्या दारापलीकडच्या. लेथवाल्याच्या मुलाला पायी गाठता येणारे दार एकच, शाळेतील छात्रसेनेचे. आणि साकीनाक्यासारख्या, गाळ्याला गाळा लागलेल्या वस्तीत ते दार मैदानावाचून अडते. कवायतीला मोकळी जमीन लागते, आणि नागपूरजवळच्या कामठीस जाऊन लष्करी शिक्षण घेऊन येणारा, सुट्टीचे दहा दिवस शिबिरात घालविणारा शिक्षक लागतो. तोफांची चित्रे दाखवून प्रोत्साहन देण्यापेक्षा ह्या दोन गोष्टी पुरविणे मला अधिक निकडीचे वाटते.

हे सारे त्या वडिलांना मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. "म्हणजे कालेज करावं लागंल," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी मुलाचे बक्कल बरोबर मधोमध आणले आणि पाळी चुकू नये म्हणून झपाझप खैरानी रोडकडे वळले.