गुण कधी येईल?

आमच्या लहानपणी हेदवीत कुणाला "रत्नागिरीला नेलं" असं हळू आवाजात सांगितलं गेलं, की ते कोर्टाच्या कामाला नव्हे, एवढं पोरांनाही कळायचं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. आता तवसाळहून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडता येते, तेव्हा चिपळूणचा वळसा घ्यावा लागे आणि एस.टी.त दिवस मोडे. नैराश्याचा पेशंट गोळ्यांची पुडी घेऊन परत यायचा आणि तिसऱ्या दिवसापासून घरचे विचारायला लागायचे, "गुण आला का?" तो आलेला नसे. या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर पुडी फळीवर गेलेली असायची.

घरच्यांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. गोळी काही तासांत मेंदूत पोचते, तर मग गुणाला महिना कशाला? शास्त्रज्ञांनाही या प्रश्नाने पन्नास वर्षं झुंजवलं. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी मुंबईला जावं लागतं.

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवर एक निबंध छापला. पन्नास पेशंटांना ही मुळी देऊन रक्तदाब उतरतो, हे त्यांनी दाखवलं होतं. साप चावला की वैदू जिचं नाव काढत तीच ही सर्पगंधा. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. दरम्यान मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं होतं, आणि ते घेणारे काही जण उदास होतात असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन आणि त्याच्या भावंडांचा साठा रिकामा करतं, हेही १९५५च्या सुमारास कळलं. उलट बाजूने, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने पेशंट उल्हसित होताना दिसले, आणि ते औषध हाच साठा वाढवत होतं. दोन टोकं जुळली. नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा तुटवडा, हे गणित १९६५पर्यंत पक्कं झालं. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन याच गणितावर घराघरांत पोचलं.

गणितात एक भोक होतं. सेरोटोनिन त्याच दिवशी वाढतं, मन मात्र महिन्याने वर येतं. आणखीही एक गंमत आहे. १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास पेशंटांना रेसर्पिन देऊन पाहिलं, तर ते सुधारले! गणिताला न जुळणारा हा निकाल जवळजवळ बाजूलाच पडला. तुटवड्याचा थेट पुरावा आजवर धडपणे हाती आलेला नाही. गोळ्या खोट्या आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्या पुष्कळांना उपयोगी पडतात. डळमळली ती त्यांची सांगितलेली कारणमीमांसा.

भोक उघडं पाडलं ते केटामिनने. हे औषध १९६२ साली अमेरिकेत तयार झालं आणि १९७० साली तिथे भुलीसाठी मान्य झालं. ग्रामीण रुग्णालयातल्या जुन्या डॉक्टरांना विचारा, ते या औषधाविषयी जिव्हाळ्याने बोलतील. पेशंटचा श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब कोसळत नाही, म्हणून जिथे साधनं तोकडी तिथे केटामिनच्या भरवशावर कितीतरी शस्त्रक्रिया निभावल्या. २००० साली येल विद्यापीठात भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते नैराश्याच्या सात पेशंटांना दिलं गेलं. २००६ साली अमेरिकेतच कार्लोस झराते यांच्या गटाने, अनेक औषधं करून थकलेल्यांना किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटं शिरेतून दिलं. दोन तासांच्या आत फरक दिसला आणि चोवीस तासांनी शंभरातल्या एकाहत्तरांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली होती.

हे घडतं कसं? खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, तसा चेतापेशीवर एनएमडीए नावाचा एक दरवाजा असतो. ग्लुटामेट हे रसायन तो उघडायला लावतं. केटामिन उघड्या दरवाजात ओंडक्यासारखं अडकून बसतं. आता दार अडवून मन मोकळं कसं होणार? एक मत असं, की इतर पेशींचा लगाम धरणाऱ्या पेशींची दारं आधी अडतात. लगाम ढिला होतो, ग्लुटामेट उसळतं, पेशींना वाढीचा इशारा मिळतो आणि मेंदूच्या पुढच्या भागात नवे जोड फुटतात. २०१० साली उंदरांत हे जोड चोवीस तासांत दिसले. पुढे २०१९च्या प्रयोगात मात्र वागणं आधी सुधारलं आणि जोड नंतर आले. ते नवे जोड मोडले तेव्हा सुधारणाही टिकली नाही. म्हणजे पहिली उभारी कशाने येते ते वेगळं आणि ती टिकते कशाने ते वेगळं.

पहिल्या उभारीचा एक धागा चीनच्या हाइलान हू यांनी २०१८ साली दाखवला. मेंदूच्या पोटात हाबेन्युला नावाची इवलीशी गाठ आहे. अपेक्षित सुख मिळालं नाही की ती चेतते. हेदवीकरांना हे सांगायला बामणघळ पुरेशी आहे. ओहोटीला लाटा खडकावर सुट्या सुट्या आपटतात. भरतीला पाणी त्या अरुंद घळीत कोंडतं आणि एकदम उंच फवारा उडतो. उदास उंदरांच्या हाबेन्युलातल्या पेशी अशाच कोंडून झुंडीने फवारत होत्या. या फवाऱ्याला एनएमडीएचं दार लागतं. केटामिनने ते अडवलं आणि फवारा थांबला.

सगळे जाणकार एका मताचे नाहीत. २०१६ साली काहींनी श्रेय केटामिनपासून शरीरात बनणाऱ्या वेगळ्याच रेणूला दिलं. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये अफूसदृश औषधांची वाट अडवल्यावर काही पेशंटांत केटामिनचा गुणच दिसेना. हा इशारा हलक्यात घेऊ नये, कारण व्यसनाचा धोका खरा आहे. एका मात्रेचा गुण बहुतेकांत आठवडाभरात ओसरतो. मात्रेनंतर काही काळ आपण देहाबाहेर आहोत असं वाटतं, रक्तदाब चढतो आणि नशेसाठी सतत घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं. केटामिनच्या रेणूची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी. त्यातल्या एकाचा, एस्केटामिनचा, नाकात मारायचा फवारा २०१९ साली अमेरिकेत मान्य झाला, तोही दवाखान्यात बसून घ्यायचा आणि दोन तास देखरेखीखाली थांबायचं या अटीवर. जुनी बाटली स्वस्त होती. नव्या फवाऱ्याची किंमत पाहिली की कंपन्यांना एकाच हाताचं प्रेम का आलं ते मला तरी कळतं. आपल्याकडे २०१३पासून केटामिन 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे, म्हणजे त्याचा साठा कडीकुलपात ठेवावा लागतो.

तेव्हा हे वाचून कुणी केमिस्टकडे धावू नये. घरात नैराश्याच्या साध्या गोळ्या चालू असतील तर पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून पुडी फळीवर टाकू नका, बदलायचं असेल तर डॉक्टरांनाच विचारा. खाडी ओलांडून जाणं जमत नसेल किंवा रात्री-अपरात्री कुणी जीव नकोसा झाल्याचं बोलू लागलं, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.