संगणकाचा परवाना : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

या अहवालातील जमाखर्चात संगणकांवरील खर्च वाढलेला दिसेल. त्याविषयी काही सभासदांनी पृच्छा केली, ती रास्तच आहे. ज्या रुग्णालयात निम्मे बिल माफ करतानाही विश्वस्तांना हिशेब जुळवावा लागतो, तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूवर पैसा का गेला, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला संगणक चालतो, पण दार उघडे टाकून झोपल्यासारखा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती बसविलेली नव्हती, एवढेच. आमचे काही संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, म्हणून ते बदलणे आले आणि त्यासोबत परवान्याचा प्रश्न आला.

परवाना म्हणजे प्रणाली वापरण्याची मुभा. प्रणालीची मालकी आपल्याकडे येत नाही. दरपत्रकांत त्याचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. संगणक तयार करणारा किंवा जोडून देणारा जो परवाना यंत्राबरोबर देतो, तो ‘ओईएम’, हा स्वस्त. दुसरा ‘रिटेल’, म्हणजे स्वतंत्रपणे पूर्ण किमतीला घेतलेला. दोन्हींवर चालणारी विंडोज तीच. फरक आहे तो परवाना कोणाला बांधला आहे यात. ओईएम परवाना ज्या यंत्रावर प्रथम बसला त्या यंत्राशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, जखडलेला असतो. यंत्र मोडीत निघाले की परवानाही संपला. रिटेल परवाना मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. एका वेळी एकाच यंत्रावर, एवढी अट.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. गेल्या उन्हाळ्यात विजेचा दाब अचानक वाढून नोंदणी खिडकीवरील संगणकाचा मदरबोर्ड जळाला. बोर्ड बिघाडामुळे गेला आणि तसाच किंवा उत्पादकाने दिलेला समतुल्य बोर्ड बसविला, तर ओईएम परवाना टिकतो. आमचा बोर्ड इतका जुना की जालन्यात मिळेना आणि बाहेरूनही येईना. अखेर वेगळा, नव्या धाटणीचा बोर्ड बसवावा लागला आणि परवाना नव्याने घ्यावा लागला. दोन दिवस मंठा-परतूरकडून आलेल्या रुग्णांचे केसपेपर हाताने लिहिले गेले. खरी अडचण निर्धन रुग्णांच्या नोंदवहीची झाली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आखलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्या नोंदी त्याच संगणकावर होत्या. तो निधी रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे. संगणकाचा खर्च त्यातून करता येत नाही, हेही येथे नमूद करतो.

म्हणून आम्ही सरसकट एकच प्रकार घेतला नाही. नामांकित कंपनीचे तयार संगणक, जे हमीच्या मुदतीनंतर दुरुस्तीपेक्षा बदललेच जातील, तेथे ओईएम पुरेसा वाटला. नोंदणी, लेखा आणि औषध भांडार येथील स्थानिक पातळीवर जोडलेल्या, भाग बदलत बदलत वर्षानुवर्षे चालविल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी पूर्ण किमतीचा परवाना घेतला. एकाच खर्चाच्या दोन यंत्रांवर विभागणीचा हिशेब करता तो महाग ठरत नाही. केवळ टंकलेखन आणि वाचनासाठी असलेल्या एका जुन्या संगणकावर सी-डॅकने विकसित केलेली, परवाना-शुल्क नसलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली टाकून पाहत आहोत. प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाही. त्यामुळे सर्वत्र तिचा वापर करण्याचा मोह आवरला.

तिसरे एक दरपत्रक सर्वांत स्वस्त होते : काही शे रुपयांत केवळ ‘की’. ती टाकली की संगणक सुरू होतो, हे खरे. परंतु सुरू होणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. अशा कळा पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात आणि केव्हाही बंद होऊ शकतात. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणे हा प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ख अन्वये गुन्हा आहे. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात नसेल तर न्यायालय कारावास टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. धर्मादाय संस्थेने या सवलतीच्या भरवशावर राहावे, असे आम्हांस वाटत नाही.

देणगीदारांना एक विनंती. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडून वापरलेले संगणक आम्हांस मिळतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ओईएम परवाना यंत्रासोबत आमच्याकडे येऊ शकतो. कारखान्याने घाऊक परवान्याखाली बसविलेली विंडोज मात्र येत नाही. तेव्हा संगणक देताना मूळ बिलाची प्रत द्यावी आणि पेटीवरील परवान्याचे लेबल असल्यास ते काढू नये. ही बिले आता कार्यालयातील लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदपत्रांशेजारी ठेवली आहेत.