सरस ते ॲरल्डाइट

लासूर स्टेशनच्या आसपास सुताराला पाण्याची धास्ती फारशी नव्हती. नांगर, तिफण, बैलगाडी ही कामं खुंटी, पाचर आणि कुसावर भागायची. चिकटवायचंच असलं तर सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस कढवायचा, वास सोसायचा आणि गरम आहे तोवर हात चालवायचा. लाकूड भिजलं की तो पुन्हा मऊ पडे.

१९५९ मध्ये बळवंत पारेख यांचं फेविकॉल आलं आणि कढवणं संपलं. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण साधं पांढरं फेविकॉल वाळल्यावरही पाण्यात मुरलं की सुटतं.

१९७६ मध्ये जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं आणि त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा लासूरच्याच गंगापूर तालुक्यात कायगाव टोक्यापर्यंत आला. कोरडवाहू तालुक्याच्या एका कडेला होडी आणि वल्हं आलं. अखंड लाकडाचं वल्हं जड होतं आणि पीळही खातं. पातळ पट्ट्या जोडून केलेलं वल्हं हलकं आणि सरळ राहतं, पण त्याचा सगळा जीव गोंदात असतो.

हा धडा जगानं महायुद्धात घेतला होता. ब्रिटिशांच्या लाकडी ‘मॉस्किटो’ विमानांना १९४४ मध्ये भारताच्या दमट हवेत अपघात झाले, तेव्हा पहिला संशय दुधातल्या केसिनच्या गोंदावर गेला. चौकशीत बांधणीतले दोषही निघाले. तरी फॉर्माल्डिहाइडचे कृत्रिम गोंद केसिनची जागा घेतच होते. याच काळात रिसॉर्सिनॉलही आलं. ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, पण सांध्यावर काळपट तांबडी रेघ सोडतं आणि पट्ट्या घट्ट आवळाव्या लागतात. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं ॲरल्डाइट बाजारात आणलं. हे इपॉक्सी बारीक फटीही भरून काढतं आणि त्याला फार दाब लागत नाही. उलट क्लॅम्प जास्त आवळला तर गोंदच बाहेर येतो.

घरी वल्हं करणाऱ्यानं म्हणूनच इपॉक्सी घ्यावं. सागवान तेलकट असतं, तेव्हा चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसावं. आधी दोन तुकडे जोडून पुरतं वाळू द्यावं, पाण्यात उकळावं आणि थंड झाल्यावर पटाशीनं फोडावं. लाकडाचे तंतू तुटले तर सांधा पक्का. गोंदाची रेघ स्वच्छ उघडली तर तो डबा वल्ह्यासाठी नको.

मराठवाड्यात उन्हाचाही विचार हवा. साध्या तापमानाला वाळलेलं बरंचसं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात गडद रंगाचं लाकूड तेवढं सहज तापतं. वल्ह्याला फिकट रंग द्यावा आणि काम झालं की ते सावलीत ठेवावं.